चार नंबरचं बाळ

तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला ते बाळ आमच्याकडे आलं. मावशींनी दार उघडायच्या आधीच मला त्याचं रडणं ऐकू आलं होतं. अठरा वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर म्हणून काढली आहेत. भुकेचं रडणं, पोट दुखल्याचं, सुई टोचल्याचं, नुसतं कुणीतरी घ्यावं म्हणूनचं, सगळं पाठमोरी असतानाही ओळखू येतं. हे त्यातलं नव्हतं. उंच, चिरका, एकाच पट्टीतला आवाज. श्वासापुरता थांबायचा आणि तिथूनच पुन्हा सुरू व्हायचा.

ही २०१८ च्या गणपतीतली गोष्ट. बाळ पुऱ्या दिवसांचं, मुलगा, वजन २ किलो १५० ग्रॅम. पहिले दोन दिवस खाली बाळंतिणींच्या वॉर्डात आईजवळच होता. कागदावर लिहिलं होतं: चिडचिड, दूध नीट ओढत नाही, पातळ शी. चार नंबरचा वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारी खाट, रिकामा होता, त्यावर ठेवला, आणि पुढे सुट्टी होईपर्यंत तो सगळ्यांचा ‘चार नंबर’च राहिला.

हातपाय थरथरत होते, हनुवटीही. मी त्याचा हात हलकेच धरला, तेव्हा थरथर थांबली. सोडला, की पुन्हा सुरू. म्हणजे हे झटके नव्हेत. झटका हात धरून थांबत नाही. टाच टोचून साखर पाहिली, ६२ आली, ठीक होती. कॅल्शियमला रक्त पाठवलं. रजिस्ट्रारने जंतुसंसर्गाची शंका घेऊन कल्चर काढलं आणि अँटिबायोटिक सुरू केलं. त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. एवढ्याशा जिवात संसर्ग असाच अंदाजाने ओळखावा लागतो, वाट पाहत बसता येत नाही.

दुपटं बदलताना मात्र मला त्याच्या टाचा दिसल्या. दोन्ही टाचा आणि घोटे चादरीवर घासून घासून लाल झाले होते, हनुवटीचं सालपट निघालं होतं, गालांवर त्याच्याच नखांचे ओरखडे. जांभईवर जांभई देत होता, मधूनच लागोपाठ शिंका. अंगाला घाम. मी हे सगळं चार्टवर लिहिलं. पण एकाला एक जोडलं नाही.

सकाळी सातला इन्चार्ज सिस्टर आल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली बाई. हात न लावता पाच मिनिटं नुसत्या वॉर्मरपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘आईला काय सवय आहे?’’

‘‘कागदावर ‘काही नाही’ लिहिलंय.’’

‘‘कागद राहू दे. तू जाऊन विचार. आणि उभ्याने विचारू नकोस.’’

त्या नोकरीला लागल्या तेव्हा मुंबईत गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगर या अफूपासूनच्या नशेचा, सुळसुळाट होता. स्टेशनांच्या पुलांखाली पोरं पन्नी घेऊन बसलेली असायची, ‘गर्दुल्ला’ हा शब्द तेव्हाचाच. अशी बाळं त्यांनी त्या काळात पाहिली होती. मी पुस्तकात चार ओळी वाचल्या होत्या, परीक्षेपुरत्या.

ड्यूटी संपवून मी खाली गेले. ती खिडकीकडच्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. सप्टेंबरच्या उकाड्यात अंगावर घोंगडी. नाक गळत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, रात्रीत दोनदा उलटी झाली होती. वॉर्डने ताप समजून पॅरासिटामॉल दिलं होतं. बाळंतपणाच्या खोलीत तिला विचारलं होतं म्हणे. तीन खाटांपलीकडून कुणीतरी ओरडून, ‘‘काय गं, व्यसन-बिसन काही?’’ तिने नाही म्हटलं. त्या जागी मी असते तरी नाहीच म्हटलं असतं.

मी पडदा ओढला, स्टूल घेतलं. आधी मिश्रीचं विचारलं. आपल्याकडच्या बायकांना मिश्री सांगायला लाज वाटत नाही, आणि ते विचारणं नुसतं बोलतं करण्यापुरतं नसतं. मिश्री असो, तंबाखू असो, बाळाचं वजन त्यानेही घटतं. मिश्री लावते म्हणाली. मग मी म्हटलं, ‘‘अजून काही? गोळ्या, खोकल्याचं औषध, पावडर?’’

खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘पोलिसांना सांगाल?’’

नाही म्हटलं. आमच्या समाजसेविकेने नंतर मला समजावून सांगितलं, की १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला पुढे आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पण हे त्या सकाळी मला माहीत नव्हतं, आणि तिला तर कोण सांगणार?

तीन वर्षं ती ब्राउन शुगर ओढत होती, पन्नीवर. सुई कधी टोचली नाही. शेवटची पुडी बाळंतपणाच्या दिवशी सकाळी. ‘‘पाचव्या महिन्यात सोडली होती सिस्टर. चार दिवस. पोट इतकं दुखायला लागलं, अंगावरून लाल जायला लागलं. मग घेतली. त्याच्यासाठीच घेतली.’’

मला ते ऐकून राग आला होता, खरं सांगते. बहाणा वाटला. दुपारी मानसोपचाराच्या डॉक्टर आल्या, त्यांना मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, ती खरं बोलते आहे. गरोदरपणात अफूजन्य नशा एकदम तोडली तर गर्भपात होऊ शकतो, कळा वेळेआधी सुरू होऊ शकतात. अशा बाईला ‘सोड’ म्हणून घरी पाठवायचं नसतं, ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या नशेच्या जागी द्यायच्या औषधांवर आणायचं असतं, डॉक्टरच्या नजरेखाली. पाचव्या महिन्यात तिला कुणी हे सांगितलं असतं तर पुढचे चार महिने वेगळे गेले असते. पण सांगायला ती आधी कुणापाशी बोलली पाहिजे, आणि बोलण्याजोगं आपण काय ठेवलंय?

बाळाचं झालं होतं ते असं. आईच्या रक्तातली नशा वारेतून त्याला मिळत होती, महिनोन् महिने. नाळ कापली त्या क्षणी ती बंद झाली. ब्राउन शुगर अंगातून लवकर उतरते, म्हणून त्रास एक-दोन दिवसांत दिसायला लागतो. आई मेथाडोनवर असेल तर तिसरा-चौथा दिवसही उजाडतो. म्हणून सवय असलेल्या आईचं बाळ जन्मतः गुटगुटीत दिसलं तरी काही दिवस नजरेसमोर ठेवावं लागतं. आधी माहीत असणं आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. जन्मतः श्वास मंद असला आणि कुणी नॅलोक्सोनची, म्हणजे अफूजन्य नशेचा परिणाम एकदम तोडणारी, सुई दिली, तर अशा बाळाला त्या सुईनेच झटके येऊ शकतात. त्याला श्वास द्यायचा असतो पिशवीने, सुईने नाही.

वॉर्डात दुपारपर्यंत ‘व्यसनी बाळ’ हा शब्द फिरायला लागला. बालरोगाच्या मॅडमनी राउंडवर तो तिथल्या तिथे थांबवला. व्यसन म्हणजे मागे धावणं. हा कशाच्या मागे धावला? त्याच्या अंगाला सवय लागली आहे, एवढंच.

मग सुरू झालं नशा तुटल्याच्या त्रासाचे गुण मोजणं. लोरेटा फिनेगन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७५ च्या सुमाराला केलेला तक्ता आहे, त्यात पुढे थोडे बदल झाले. रडणं, दूध पिऊन किती वेळ झोपला, थरथर, अंगाचा ताठरपणा, घाम, ताप, जांभया, शिंका, नाक चोंदणं, श्वास, शी, अशा एकवीस गोष्टी. दर तीन-चार तासांनी, दूध पाजून झाल्यावर पाहायचं, भुकेल्या बाळाला मोजायचं नाही. लागोपाठ तीनदा आठ किंवा दोनदा बारा आले की औषध. हाउसमनने तक्ता छापला, मावशींनी समोरच्या दुकानातून झेरॉक्स करून आणला. चार नंबरचे पहिले गुण चौदा. तीन तासांनी तेरा.

अशा बाळाला पहिलं औषध तोंडाने द्यायचं मॉर्फिन. बाळाला देता येईल असं पातळ मॉर्फिन तेव्हा आमच्याकडे नव्हतं. मॅडमनी फेनोबार्बिटोन सुरू केलं. त्याने बाळ शांत होतं, थरथर कमी होते, पण जुलाबाला ते काही करत नाही. आणि खरी कसोटी तिथेच होती.

औषध देणं हे दिवसाचं दहा मिनिटांचं काम. उरलेला सगळा वेळ सिस्टरचा असतो, आणि ते कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेलं मला तरी मिळालं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एनआयसीयू ही अशा बाळासाठी सगळ्यात वाईट जागा. ट्यूबलाइट, मॉनिटरची टिंगटिंग, फोन, ट्रेचा खणखणाट. पाचव्या दिवशी आम्ही त्याला कांगारू केअरच्या, म्हणजे आईने बाळ उघड्या छातीशी घेऊन बसायच्या, कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. खिडकीला ऑपरेशनचं हिरवं कापड बांधलं, दारावर कागद लावला: हळू बोला. तपासणं, पाजणं, लंगोट बदलणं एका वेळी उरकायचं. दर अर्ध्या तासाने कुणी ना कुणी उघडून पाहायचं नाही.

दुपट्यात बांधणं आपल्या आज्यांना शिकवावं लागत नाही, पण इथे थोडा फरक आहे. दोन्ही हात छातीवर, तोंडाजवळ येतील असे. पाय सरळ ताणून नाही, गुडघ्यात दुमडलेले. उचलायचं ते दोन्ही हातांनी, अंग गोळा करून, पाठीची कमान बाहेर. तो ताठ होऊन मागे झुकायचा, तेव्हा त्याला पुढे वळवून बसता करायचा, तोंड माझ्यापासून पलीकडे, आणि वरखाली, अगदी संथ हलवायचं. आपण काय करतो? बाळ रडलं की डोळ्यात बघतो, ‘काय झालं रे सोन्या’ म्हणतो, थोपटतो, झुलवतो, सगळं एकदम. या बाळाला ते सगळं मिळून फार होतं. एका वेळी एकच गोष्ट. झुलवायचं तर बोलायचं नाही. गाणं म्हणायचं तर हलवायचं नाही. हे शिकायला मला दोन रात्री लागल्या.

मूठ चोखायचा अधाशासारखी, पण छातीशी धरलं की ओढणं आणि गिळणं जमेना. ठसका लागायचा, दूध नाकातून यायचं. मग आईचं दूध काढून पलाडईने, म्हणजे आपल्या बोंडल्यासारख्या भांड्याने, थोडं थोडं, दर दोन तासांनी. एवढं थरथरणाऱ्या, रडणाऱ्या बाळाला दूध इतरांपेक्षा जास्तच लागतं. वजन तरी १ किलो ९८० पर्यंत उतरलं.

आणि शी. दिवसाला दहा-बारा वेळा, पाण्यासारखी, आंबट. सहाव्या दिवशी ढुंगणाची कातडी सोलवटून ओली झाली होती, दोन्हीकडे रुपयाएवढा लाल चट्टा. कापूस नुसता टेकवला तरी तो किंचाळायचा. मग पुसणंच बंद केलं. वाटीत कोमट पाणी घेऊन धार सोडायची, मऊ सुती कापड टेकवून पाणी टिपायचं, घासायचं नाही, दहा मिनिटं उघडं ठेवायचं, मग झिंक ऑक्साइडचं मलम जाड थापायचं, जिलबीवर पाक बसावा तसं. पुढच्या वेळी वरची घाण तेवढी काढायची, खालचं मलम खरवडायचं नाही. आमच्या मावशींनी घरून जुन्या साडीचे धुऊन उकळलेले चौकोन आणले. त्या साडीइतकं मऊ रुग्णालयात काही नव्हतं.

माझ्या हातूनही चूक झाली. सहाव्याच दिवशी दुपारी रक्त घ्यायचं होतं, मला घाई होती, मी वरचा दिवा पुरा लावला आणि झोपलेल्या बाळाचं दुपटं एका झटक्यात सोडलं. त्यानंतर तो दोन तास शांत झाला नाही. त्या वेळचे गुण पंधरा. माझ्याच अक्षरात लिहिलेले आहेत.

अशा दोन तासांत माणसाला काय काय आठवतं. माझी आजी लालबागच्या चाळीतली, तिची आई गिरणीत. आजी सांगायची, पाळीला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला बाळगोळी चाटवून जायच्या, अफूची. पोर दिवसभर पडून राहायचं, आई येईपर्यंत. काही पोरं उठायचीच नाहीत. आजी हे सांगताना त्या बायांना कधी वाईट म्हणाली नाही. ‘‘काय करतील गं,’’ एवढंच म्हणायची. तेव्हा अफू बाळाला झोपवायला होती. माझ्या हातातलं बाळ तीच तुटली म्हणून जागं होतं.

आईला चौथ्या दिवशीच ब्युप्रेनॉर्फिन सुरू झालं होतं, जिभेखाली विरघळणारी गोळी. एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह. अशा आईने, बाहेरची नशा बंद असेल तर, अंगावर पाजायला हरकत नाही. औषधाचा जो अंश दुधात येतो तो थोडा असतो. पाचव्या संध्याकाळी तिला पहिल्यांदा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून बाळ छातीवर दिलं, कातडीला कातडी, वरून तिचीच ओढणी. ती इतकी घाबरली होती, की श्वासही जपून घेत होती. तासाभराने मी गुण मोजले. सात. दुसऱ्या दिवशी ती असताना सहा, ती जेवायला गेल्यावर दहा. औषधाचा डोस तोच होता.

आणि सातव्या दिवशी ती गेली. दुपारी चहाला म्हणून उतरली, ती रात्री नऊला परत आली. डोळ्यांवरून कळत होतं. ती पुडीला गेली हे तिनेच सांगितलं, मी विचारायच्या आधी. मी त्या रात्री तिला एक शब्द बोलले, स्टेशनवर लोक त्या पोरांना बोलतात तो. ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. तो शब्द मी परत घेऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी माफी मागितली, पण मागून तो पुसला जात नाही.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तिला फक्त एक विचारलं: गोळी घेतल्यावर किती तासांनी अंग दुखायला लागतं? संध्याकाळपासूनच, म्हणाली. म्हणजे डोस कमी पडत होता. वाढवला. तिचं दूध डॉक्टर सांगेपर्यंत काढून टाकायचं ठरलं आणि बाळाला तोवर दूधपेढीचं दूध. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली आपल्या शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, त्यामुळे मुंबईत दुसऱ्या आईचं दूध मागायला कुणाला संकोच वाटत नाही. डोस वाढल्यावर ती पुन्हा गेली नाही. निदान आमच्याकडे असेपर्यंत.

अनंत चतुर्दशीची रात्र सांगितली पाहिजे. रुग्णालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, पाटी आहे, पण विसर्जनाच्या रात्री पाटी कोण वाचतं? साडेआठला पहिलं पथक फाटकासमोर आलं. ढोलाचा ठोका खिडकीच्या काचेत जाणवत होता. ती बाळ घेऊन बसली होती; तिने त्याचा एक कान छातीला दाबला, दुसऱ्यावर आपला तळवा ठेवला आणि पुढे वाकली. आमचा वॉचमन बाहेर जाऊन हात जोडून आला. त्या पथकाने ताशा थांबवला, नुसते चालत पुढे गेले. पुढच्या दोघांनी नाही थांबवला. ती पहाटे तीनपर्यंत तशीच वाकून होती. तो रडला, पण थरथरला नाही.

चौदाव्या दिवशी जन्माचं वजन परत आलं. पुढे गुण चार-पाचवर राहिले, फेनोबार्बिटोन हळूहळू उतरवत आणलं. तेविसाव्या दिवशी सुट्टी, २ किलो ३४० ग्रॅम. सगळेजण तिला सांगत होते, गावाला जा, जालन्याला बहिणीकडे, इथली संगत सुटेल. ऐकायला बरोबर वाटतं. पण तिची गोळी रोज केंद्रावर जाऊन, समोर घ्यायची होती, आणि ते केंद्र मुंबईत. गावी जाणं म्हणजे गोळी तुटणं, आणि गोळी तुटली की पुडी. समाजसेविकेने खटपट करून आई-बाळाला एकत्र ठेवणारा निवारा मिळवला. बहीणच आठ दिवस इकडे येऊन राहिली.

पुढे २०२३ मध्ये मी एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाबद्दल वाचलं, २६ रुग्णालयांतला. एकवीसऐवजी तिथे तीनच गोष्टी पाहिल्या: बाळ पुरेसं पितं का, न उठता तासभर झोपतं का, दहा मिनिटांत शांत करता येतं का. नसेल तर आधी अंधार, दुपटं, आईची कूस, आणि त्यानेही भागलं नाही तरच औषध. बाळं घरी जाण्याजोगी व्हायला सरासरी १४.९ दिवस लागत होते, ते ८.२ वर आले. औषध लागणारी बाळं निम्म्याहून थोडी जास्त होती, ती पाचात एक इतकी झाली. मी तो कागद इन्चार्ज सिस्टरांना घरी नेऊन दिला. निवृत्त झाल्या आहेत आता. चष्मा लावून पूर्ण वाचला त्यांनी.

दीड महिन्याच्या लसीला ती आली होती, बाळाला टोपरं, कपाळाला काजळाची तीट. अडीच महिन्यांच्याही. साडेतीन महिन्यांच्या लसीला आली नाही. फोन बंद. रजिस्टरमधला रकाना तीन आठवडे कोरा होता आणि मी रोज तेवढंच पान उघडून बघत होते.

मग एका मंगळवारी लसीच्या रांगेत शेवटी उभी दिसली. ‘‘उशीर झाला सिस्टर,’’ म्हणाली. मी का म्हणून विचारलं नाही. स्टूल पुढे केलं. तिने टोपरं काढलं, तो माझ्या ओळखपत्राची दोरी धरून ओढायला लागला. सुई टोचली तेव्हा रडला, जोरात, तोंड वाकडं करून, आणि तिने खांद्यावर घेतल्यावर थांबला. वजन ५ किलो १०० ग्रॅम. कार्डावर लिहिलं आणि पुढची तारीख घातली.